छेरछेऱ्यात मागितलेलं खळं

"बाबा, धान नको. खळं देता का?"

पुन्नीनं विचारलं आणि अंगणातल्या दहाबारा पोरींचं हसू जागच्या जागी थांबलं. विनायकच्या हातात सूप होतं, सुपात दोन पसे धान. झोळीच्या तोंडाशी आलेलं सूप तसंच तिरपं राहिलं. चार दाणे ओट्यावर सांडले. कोंबडी धावत आली.

पैज मैत्रिणीची, खेमिनची होती. पौष पुनवेला छेरछेरा. त्या दिवशी खैरडीहमधले लहानथोर सगळे झोळ्या घेऊन दारोदार धान मागतात, आणि दारात आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. सरपंचाची सूनसुद्धा मागते, तिलाही कोणी हसत नाही. तळ्याकडून येताना खेमिन म्हणाली होती, "धान त सब्बो मांगथें. तैं अपन ददा करा बियारा मांग के देखा." ददा म्हणजे बाप, बियारा म्हणजे खळं. पुन्नीच्या घराला लागून, मागच्या भिंतीपलीकडे, टिनाच्या शेडसकट ते होतं, आणि गेलं वर्षभर त्यात तणसाच्या ढिगाशिवाय काही नव्हतं.

"नाही मांगत ते," दुसरी मैत्रीण मीरा म्हणाली. "शाळेत लई बोलते. घरात आवाज बसते हिचा."

आता असं म्हटलेलं पुन्नी ऐकून घेणार होती का? डिसेंबरात शाळेच्या कार्यक्रमात तिनं पहिल्यांदा माईक हातात धरला होता. तेव्हापासून तिला वाटायचं, जगातलं कुठलंही वाक्य आपल्या तोंडून नीट बाहेर पडू शकतं. शिवाय दिवस तिचा होता. ती छेरछेऱ्यालाच जन्मली म्हणून नाव पूर्णिमा, आणि गावाच्या तोंडी पुन्नी. आज सोळा पुरी झाली होती.

विनायकनं पोरींकडं पाहिलं. शेजारचे शामराव कुंपणावर हात टेकून उभे होते, त्यांच्याकडं पाहिलं. मग सूप खाली ठेवून तो आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या मुठीत खळ्याच्या फाटकाची किल्ली होती. ती त्यानं झोळीत सोडली. वरून सुपातलं धानही ओतलं, किल्ली दिसेनाशी होईस्तोवर.

"छेरछेऱ्याले नाही म्हनत नाही," तो म्हणाला.

पोरींनी असा गलका केला की शामरावांचं कुत्रं उठून बसलं. इंदू, पुन्नीची आई, चुलीपाशी होती. तिच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. ती पुन्नीकडं पाहत नव्हती. नवऱ्याकडं पाहत होती. पुन्नीला ते दिसलं, पण त्या घटकेला तिला सगळंच दिसत होतं आणि कशाचाच अर्थ लागत नव्हता.

*

खळं हवं होतं बालवाडीला.

सरकारी अंगणवाडी कारखान्याच्या सायडिंगपलीकडं. मालगाडी उभी राहिली की पोरं डब्याखालून सरपटत जायची. तीन वर्षांपूर्वी एकदा अशीच गाडी हलली आणि एका पोराची चप्पल रुळावर दोन तुकडे होऊन पडली. पोराला काही झालं नाही. पण गोदूमावशीनं ते तुकडे पदरात बांधून आणले, गावातल्या बायकांसमोर ठेवले, आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या पडवीत पोरं बसवायला लागली. चार बायका आणखी आल्या. प्रत्येकीचा एक वार, शनिवारी ज्या मोकळ्या असतील त्या. पगार कोणालाच नाही. इंदूचा मंगळवार. तिनं आठवडाभर काहीही नेसलं तरी मंगळवारचं लुगडं वेगळं असायचं.

पडवीत एकवीस पोरं गुडघ्याला गुडघा लावून बसायची. दिवाळीनंतर नवापाऱ्यातली सतरा आली. पारा म्हणजे वस्ती. सिलतऱ्याच्या कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांनी गावाच्या टोकाला टिनाच्या खोल्या बांधल्या, तो नवापारा. आईबाप दोघं कामावर. पोरं सकाळीच आपापली ताटली घेऊन यायची आणि पडवीच्या पायरीखाली रांगेनं उभी राहायची. कोणी हाकललं नाही, कोणी वर घेतलं नाही. जागाच नव्हती. खिचडी झाली की त्यांनाही मिळायची, पण उभ्यानं. गोदूमावशी वाढताना त्यांच्या तोंडाकडं न पाहता ताटलीकडं पाहायची.

"हे उभे पोट्टे मले सपनात दिसते," ती म्हणायची. "सपनातबी उभेच."

*

चार दिवस खळं साफ करण्यात गेले. पुन्नीची शाळा बाराची, म्हणून सकाळ तिची. खेमिन, मीरा आणि ती तोंडाला ओढण्या बांधून तणस उपसायच्या. वरचा थर कारखान्यांच्या काजळीनं काळा, खालचा ओलसर आणि गरम, त्याच्या खाली उंदरांची बिळं. दुसऱ्या दिवशी एक धामण निघाली. ती कोणाला काही न म्हणता भिंतीकडंनं निघून गेली आणि तिघी तासभर शेडच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. केसांत कुसं, मानेला खाज, नखांत काळं. पुन्नी मात्र गात होती. रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून सांगत होती, "माया बाबानं देल्लं. मी मांगतलं."

विनायक कारखान्यात भट्टीवर कामाला. रात्री आठ ते सकाळी आठ. तो घरी यायचा तेव्हा त्याच्या दंडावरचे केस जळून गेलेले असायचे आणि शर्टाला बारीक बारीक भोकं, चाळणीसारखी. एक दिवस तो हातपाय न धुताच खळ्यात आला. तणसाचा मोठा भारा पोरींना उचलत नव्हता. त्यानं गुडघा टेकला, भारा पाठीवर घेतला, उठताना भिंतीला हात लावला. दोन पावलांवर थांबून खोकला. मग बाहेर नेऊन टाकला.

"बाबा, तुमी झोपा ना."

"झोपतो. आंदी ती नाली काढा. पानी इथं साचते."

पाचव्या दिवशी शेण आलं. इंदू आणि गोदूमावशीनं खाली बसून जमीन सारवली, मागं सरकत सरकत, जसं सगळ्या बायका सारवतात तसं. भिंतींना छुहीची पांढरी माती. छुही ओली असताना मळकट दिसते आणि वाळली की एकदम पांढरी होते. मीराला हे माहीत असूनही ती दर दहा मिनिटांनी जाऊन पाहत होती. संध्याकाळपर्यंत भिंत पांढरी झाली. सकाळी त्यावर काजळीचा पातळ थर होता. कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. ओला फडका फिरवला आणि पोरांना आत घेतलं.

अडतीस पोरं बसली. सतरा जणांनी ताटल्या मांडीवर धरल्या होत्या. खाली ठेवायच्या असतात हे त्यांना सांगावं लागलं. गोदूमावशी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बसले वो."

*

अडचण दुसऱ्या दिवशी कळली. ती भिंतीत होती.

घराच्या मागच्या खोलीत विनायक झोपायचा, नऊ ते दोन. त्या खोलीची भिंत आणि खळ्याची भिंत एकच. अडतीस पोरांनी गाणं धरलं की खोलीतलं मडकं हलायचं. पुढची खोली पुन्नीची. तिथं तिची पुस्तकं, आणि खिडकी रस्त्यावर. तिथं झोपणं म्हणजे डंपरच्या चाकाखाली झोपणं. विनायक डोक्याला गमछा गुंडाळून पडायचा. दोनला उठला की डोळे लाल. इंदूनं विचारलं तर म्हणायचा, "झाली ना झोप."

पुन्नीनं उपाय काढला. माईक हातात धरलेली पोरगी ती. उपायांना काय तोटा. तिनं पोरांना कुजबुजत गायला शिकवलं. "ज्याचा आवाज भिंतीपलीकडं जाईन, त्याले भट्टीवाला धरून नेईन," असं सांगितलं. भट्टीवाला म्हणजे तिचाच बाप, हे पोरांना माहीत नव्हतं. तीनच दिवसांत अडतीस पोरं कुजबुजत गायला, कुजबुजत भांडायला आणि कुजबुजत रडायला शिकली. फाटकाशी आलेला दूधवाला घाबरून परत गेला. त्याला वाटलं, आत कोणीतरी वारलं.

आठवड्यानं विनायक भिंतीपलीकडून आला, लुंगीवर, डोळे चोळत.

"काय म्हनून राहिले हे पोट्टे?"

"गानं म्हनून राहिले, बाबा. हळू."

"तेच त. हळू म्हनलं का मानूस कान लावते. काय म्हनते काय म्हनते करत मी सकाळपासून जागा हाय. मोठ्यानं म्हनू दे त्यायले. मोठ्यानं म्हनलं का मंग कोनी ऐकत नाही."

"हाच भट्टीवाला," पोरं कुजबुजली. एका पोरीनं त्याच्या दंडावरच्या डागांना बोट लावलं आणि मोजायला लागली. तिला पाचपर्यंतच येत होतं. पाच झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करी. विनायक तिचं मोजणं संपेपर्यंत वाकून उभा राहिला, आणि मग त्याला सरळ होता येईना. इंदूनं हात दिला.

*

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी दहाला पराग ठेकेदार आला. त्याचे डंपर कारखान्यातली राख वाहायचे. माणूस वाईट नव्हता; गणपतीत गावजेवणाला तांदूळ द्यायचा, आणि कोणाच्या मयताला गाडी लागली तर पाठवायचा. फाटकातून आत येऊन त्यानं टोपी काढली आणि पोरांची रांग नजरेनं शेवटपर्यंत पाहिली.

"विनायकभाऊ झोपले काय?"

"रात्रपाळी हाय ना त्यायची," पुन्नी म्हणाली.

"तेच तर दुखनं हाय."

तो पोरांच्या चटईवर टेकला. एका पोरानं त्याच्यापुढं मातीची भाकर ठेवली. त्यानं खाल्ल्यासारखं केलं. "नमक कमी हाय," म्हणाला. पोरगं उठून मातीचं मीठ आणायला गेलं.

"तुले सांगतलं नाही काय बाबानं?"

"काय?"

"माये चार डंपर हायेत. ठेवायले जागा नाही. तुमचं खळं मी मांगून राहिलो होतो दिवाळीपासून. मी म्हनलं भाडं घ्या. त विनायकभाऊ म्हने भाडं नको, मले धर्मकाट्यावर बसव." धर्मकाटा म्हणजे कारखान्याच्या दारातला गाड्या तोलायचा काटा. "दिवसपाळी. खुर्ची, पंखा. गाडी आली, वजन लिहिलं, गाडी गेली. साहेबाशी मी बोललो होतो. छेरछेऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बोलनं पक्कं होनार होतं."

पुन्नीच्या हातात खिचडीचा डाव होता. खिचडी तळाला लागायला आली होती, पण तिनं तो फिरवला नाही.

"मंग आता?"

"आता काय. मी त्यायले शिवरात्रीपर्यंत थांबतो म्हनलं. येत्या रविवारी शिवरात्र. मंग मी दुसरी जागा पाहीन, अन काट्यावर दुसरा कोनी बसन." तो उठला, टोपी घातली. "तू हुशार हायेस पोट्टे. अशा दिवशी मांगतलं का देवालेबी नाही म्हनता आलं नसतं."

तो कौतुकानं बोलला होता. पोरगं मीठ घेऊन आलं तेव्हा तो फाटकाबाहेर पडला होता. पोरानं ते मीठ पुन्नीच्या तळहातावर ठेवलं.

*

घरात खुंटीला एक शर्ट होता. निळ्या चौकटीचा, अर्ध्या बाह्यांचा. कॉलरखाली अजून पुठ्ठा आणि टाचण्या. पुन्नीनं तो महिनाभर पाहिला होता आणि कोणाच्या तरी लग्नाचा असेल म्हणून सोडून दिला होता. शाळेतून आल्यावर ती त्याच्यासमोर उभी राहिली. विनायक बाजार करून तसाच कामावर जायचा म्हणून लवकर निघून गेला होता. इंदू ताटल्या घासत होती, उद्याच्या, मंगळवारच्या.

"आई, तो शर्ट कोनाच्या लग्नाचा?"

"कोनाच्याच नाही. काट्यावर घालाचा होता." इंदूनं राखेचा हात थांबवला नाही. "भट्टीवर शर्टाले भोकं पडते. काट्यावर पडत नाही. गोल बाजारात चार दुकानं फिरले तुहे बाबा. मले म्हने, खुर्चीवर बसाचं त कॉलर पाहिजे."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू इचारलं काय? तू त सीधं मांगतलं. बारा पोट्ट्या घेऊन."

पुन्नी पायरीवर बसली. बरीच वाक्यं तोंडाशी आली, एकही नीट बाहेर पडलं नाही.

"तू तरी म्हनायचं होतं, आई. तुले माहीत होतं."

इंदूनं ताटली पालथी घातली. "मी काय म्हनू? मंगळवारी हे सतरा पोट्टे उभे राहाचे तवा मले घास उतरत नव्हता. तुह्या बाबाची पाठ पाह्यली का बी उतरत नाही. मले दोन्ही पाहिजे. म्हनून मी गप होती."

"किल्ली वापस करते मी."

"घेत नाही ते. छेरछेऱ्यात देल्लेलं धान कोनी पुन्हा कोठीत टाकते काय? गावात तोंड दाखवाले जागा राहत नाही."

*

दिवस मावळायच्या आत पुन्नी नवापाऱ्याकडं गेली. खेमिन सोबत होती, पण पैजेची गोष्ट दोघींनीही काढली नाही. टिनाच्या खोल्यांच्या शेवटी एक मोहाचं झाड होतं. मोठं, एका बाजूनं वाकलेलं. पानांवर काजळी बसलेली, म्हणून ती हिरवी नव्हती, पितळेच्या जुन्या भांड्यासारखी होती. खाली सावली बरी. जमीन उंचसखल. रस्ता वीस पावलांवर, त्यावरून डंपर. पाण्याचा नळ नाही.

एक बाई चूल पेटवत होती. पुन्नीनं विचारलं, बालवाडी इथं झाडाखाली भरली तर?

बाईनं झाडाकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. "भरेगी," ती म्हणाली. "पर वहाँ से बच्चा साफ आता है, दीदी. सोया हुआ आता है. यहाँ काला आएगा."

"पानी मी आनीन."

"पानी से क्या होगा," बाई म्हणाली, आणि चुलीत फुंकर घातली. नंतर म्हणाली, "वहाँ हमारे लिए जगह नहीं बची क्या?"

पुन्नी झाडाकडं वळली. तिनं झाडाभोवती पावलं टाकून जागा मोजली. सतरा पोरं बसतील एवढी होती. अडतीस बसली नसती. खेमिन म्हणाली, "रस्सी बांधबो, सड़क डहर." म्हणजे रस्त्याच्या बाजूला दोर बांधू. पुन्नी "हव" म्हणाली.

*

मंगळवारी विनायक साडेआठला आला. सायकल भिंतीला टेकवली, मोरीवर बसून पाय धुतले. आधी काळं पाणी गेलं, मग करडं. तो थुंकला, तेही काळं. इंदूनं बासी वाढली, रात्री भिजवलेला भात, वर कांदा, मिरची, मीठ. ती मंगळवारच्या लुगड्यात होती. भिंतीपलीकडं गोदूमावशी चटया झटकत होती. पहिली दोन पोरं आली होती आणि भट्टीवाला घरी आला का, असं एकमेकांना कुजबुजत विचारत होती.

विनायकनं दोन घास खाल्ले. उजव्या हाताचा अंगठा वळत नव्हता, म्हणून घास चार बोटांनी.

पुन्नी येऊन समोर बसली. तिनं किल्ली त्याच्या ताटाशेजारी ठेवली. धानाचं एक तूस अजून किल्लीच्या भोकात अडकलेलं होतं.

विनायकनं किल्लीकडं पाहिलं आणि इंदूकडं पाहिलं. इंदूनं मान हलवली, म्हणजे मी नाही सांगितलं.

"पराग आलता काय?" तो म्हणाला.

"आलता."

"त्याच्या तोंडाले कुलूप नाही." त्यानं किल्ली दोन बोटांनी तिच्याकडं सरकवली. "ठेव. छेरछेऱ्याचं हाय ते."

पुन्नीनं ती पुन्हा त्याच्याकडं सरकवली. इंदू तांब्या घेऊन मध्येच उभी राहिली. पुन्नी बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज माईकवरचा नव्हता, आणि भिंतीपलीकडच्या कुजबुजत्या गाण्याचाही नव्हता. रोजचा होता.

"बाबा, मी ठरवलं हाय. तुमी दोघंबी ऐका. त्या दिवशी तुमाले नाही म्हनता येत नव्हतं, म्हनून मी मांगतलं. ते मांगनं नाही होय. आज छेरछेरा नाही, साधा मंगळवार हाय. शामराव कुंपनावर नाहीत, पोट्ट्या दारात नाहीत. किल्ली तुमची. मी पुन्हा मांगते, अन तुमी रविवारच्या आंदी सांगा. तुमी हो म्हनलं त पोट्टे इथंच बसतीन. नाही म्हनलं त इथं डंपर, तुमी काट्यावर तो शर्ट घालून, अन नवापाऱ्याचे सतरा मोहाच्या झाडाखाली. गोदूमावशीच्या पडवीत एकवीस, झाडाखाली सतरा. झाडाखालचे मी घेईन, रोज, शाळेच्या आंदी. दोर मी अन खेमिन बांधू, पानी आमी नेऊ. बालवाडी चालनारच. ते मी इचारत नाही, ते सांगून राहिली. इचारते फक्त खळ्याचं." तिनं हात मांडीखाली दाबून धरले. "आज नाही म्हनता येते, बाबा."